उपहासकाराला मुख्य प्रवाहातला लेट नाइट कार्यक्रम पेलतो का?

अरण्यक (धागाकर्ता)

'द लेट शो' हा रात्री उशिराचा विनोदी गप्पांचा कार्यक्रम मे २०२६ मध्ये कायमचा बंद करण्याचा निर्णय अमेरिकेतील सीबीएस वाहिनीने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला, तेव्हापासून त्या कार्यक्रमाविषयीची बहुतेक चर्चा राजकीय दबावाभोवतीच फिरत राहिली आहे. ती चर्चा महत्त्वाची आहेच. मात्र तिच्या गदारोळात एक जुना प्रश्न मागे पडला आहे आणि मला येथे तोच मांडायचा आहे.

एप्रिल २०१४ मध्ये 'द लेट शो'चे तेव्हाचे सूत्रसंचालक डेव्हिड लेटरमन यांनी निवृत्तीचा मनोदय सांगितला आणि आठवडाभरातच सीबीएसने त्यांचे उत्तराधिकारी म्हणून स्टीफन कोल्बेअर यांचे नाव घोषित केले. ही निवड अनेकांना जोखमीची वाटली होती. कोल्बेअर ऑक्टोबर २००५ पासून कॉमेडी सेंट्रल या केबल वाहिनीवर 'द कोल्बेअर रिपोर्ट' करत होते. त्यात ते स्वतःच्याच नावाचे, पण स्वतःपेक्षा सर्वस्वी वेगळे असे एक पात्र वठवत. बिल ओरायली यांच्यासारख्या उजव्या विचारांच्या दूरचित्रवाणी भाष्यकारांचे ते विडंबन होते. वस्तुस्थितीपेक्षा स्वतःच्या मनाच्या कौलावर अधिक विश्वास ठेवणारा, अज्ञानाचा अभिमान बाळगणारा आणि टाळ्या पाहुण्यांसाठी असल्या तरी त्या स्वतःच घ्यायला धावणारा असा तो गृहस्थ होता. डिसेंबर २०१४ मध्ये तो कार्यक्रम संपला आणि ८ सप्टेंबर २०१५ रोजी न्यूयॉर्कच्या एड सलिव्हन थिएटरमध्ये कोल्बेअर सूत्रसंचालक म्हणून प्रथमच मुखवट्याविना प्रेक्षकांसमोर आले.

माझी अडचण अशी आहे की या दोन कामांचे स्वभाव मुळातच एकमेकांच्या विरोधात जातात. उपहासकाराला एक लक्ष्य लागते आणि ते लक्ष्य दुखावले जाणे त्याला मान्य असते. रात्री साडेअकराच्या सुमारास देशभर दिसणाऱ्या कार्यक्रमाचा सूत्रसंचालक मात्र यजमान असतो. दिवसभराच्या कामाने थकलेल्या, परस्परविरोधी मतांच्या माणसांना त्याला एकाच दिवाणखान्यात बसवायचे असते. जॉनी कार्सन यांनी १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षे 'द टुनाइट शो' चालवला. सत्तेत कोणताही पक्ष असो, ते राष्ट्राध्यक्षांची टिंगल करत. पण स्वतः मत कोणाला देतात याचा थांग त्यांनी कधी लागू दिला नाही.

कोल्बेअर यांनी सुरुवातीला याच परंपरेत बसण्याचा प्रयत्न केला. पहिल्याच रात्री त्यांनी जॉर्ज क्लूनी यांच्याबरोबर रिपब्लिकन पक्षाचे तेव्हाचे इच्छुक उमेदवार जेब बुश यांना बोलावले. पहिले वर्ष तसे चाचपडतच गेले. जानेवारी २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी सूत्रे हाती घेतल्यावर कोल्बेअर उघडपणे राजकीय उपहासाकडे वळले आणि काही आठवड्यांतच एकूण प्रेक्षकसंख्येत त्यांनी 'द टुनाइट शो'चे तेव्हाचे सूत्रसंचालक जिमी फॅलन यांना मागे टाकले. मग याचा अर्थ काय लावावा? उपहासकार मुख्य प्रवाहात यशस्वी होऊ शकतो असा, की मुख्य प्रवाहच इतका आटला होता की त्यातील एका धारेचा आवडता माणूसही पहिला क्रमांक मिळवू शकत होता? हे कार्यक्रम ज्यांनी अनेक वर्षे पाहिले आहेत, त्यांची मते वाचायला आवडतील.

शुक्रतारा

प्रश्न नेमका आहे, परंतु त्याच्या मुळाशी असलेले एक गृहीतक मला तपासून पाहावेसे वाटते. मुखवटा घातलेला कोल्बेअर हा टोकाचा आणि म्हणून मोजक्यांचा, तर मुखवटा उतरवलेला कोल्बेअर हा सौम्य आणि म्हणून सर्वांचा, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मला याच्या उलट घडलेले दिसते.

ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये 'द कोल्बेअर रिपोर्ट'च्या प्रेक्षकांविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. उदारमतवादी आणि पुराणमतवादी या दोन्ही प्रकारच्या प्रेक्षकांना कोल्बेअर सारखेच विनोदी वाटत होते. फरक एवढाच होता की, हा माणूस विनोदाचा केवळ आव आणतो आणि जे बोलतो ते त्याला मनापासून पटलेले असते, असे मानण्याकडे पुराणमतवादी प्रेक्षकांचा कल अधिक होता. म्हणजे एकाच वाक्यावर दोन्ही बाजू हसत होत्या, आपापल्या कारणांनी. आपल्या काव्यशास्त्रात ज्याला व्याजस्तुती म्हणतात, तिचा हा गुण फार जुना आहे. स्तुती ऐकणाऱ्याला आतली निंदा कळलीच पाहिजे अशी सक्ती ती करत नाही. मुखवट्याने दिलेले हे संदिग्धतेचे छत्र इतके मोठे होते की त्याखाली परस्परविरोधी माणसे उभी राहू शकत होती.

त्या पात्राने आणखी एक सोय करून दिली होती, ती म्हणजे प्रत्यक्ष संस्थांच्या आत जाण्याची. एप्रिल २००६ मध्ये व्हाइट हाउसच्या वार्ताहरांच्या मेजवानीत अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश हाताच्या अंतरावर बसलेले असताना कोल्बेअर यांनी त्यांचे इतके भक्तिपूर्वक कौतुक केले की सभागृहातील पत्रकारांना हसावे की नाही ते कळेना. सप्टेंबर २०१० मध्ये शेतमजूर स्थलांतरितांच्या प्रश्नावर अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे त्यांनी साक्ष दिली, तीही त्या पात्राच्याच भाषेत. २०११ मध्ये त्यांनी निवडणूक आयोगाची परवानगी घेऊन खराखुरा 'सुपर पॅक', म्हणजे निवडणूक प्रचारासाठी अमर्याद देणग्या घेऊ शकणारी संघटना, स्थापन केला, त्यासाठी दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम गोळा केली आणि निवडणुकीतील पैशाचे कायदे किती पोकळ आहेत ते त्याच कायद्यांचा वापर करून दाखवले. या उपक्रमासाठी त्यांना प्रसारण क्षेत्रातला मानाचा पीबडी पुरस्कार मिळाला. नागरिकशास्त्राच्या तासाला बसणे ज्यांनी आयुष्यभर टाळले असेल, अशा लोकांनी तो सुपर पॅकचा प्रकार आवडीने पाहिला.

आता सप्टेंबर २०१५ नंतरचे चित्र पाहा. टेबलामागचा माणूस स्वतःच्या तोंडाने बोलू लागला. तो कॅथलिक आहे, उदारमतवादी आहे आणि टोल्किनच्या कथांचा भक्त आहे हे सर्वांना कळले. पात्र जेव्हा म्हणे की अध्यक्ष महान आहेत, तेव्हा विनोदाचा अर्थ प्रेक्षक पुरा करत असे. सूत्रसंचालक जेव्हा म्हणतो की अध्यक्ष खोटे बोलतात, तेव्हा प्रेक्षकाकडे होकार किंवा नकार देण्यापलीकडे काही काम उरत नाही. टाळ्या वाढल्या, पण त्या सहमतीच्या टाळ्या होत्या. म्हणून माझे मत असे की मुख्य प्रवाहात येताना कोल्बेअर यांनी धार बोथट केली हा आक्षेप चुकीचा आहे. धार होती तशीच राहिली; गेली ती वक्रता, आणि दोन्ही बाजूंना एकत्र बसवण्याची खरी शक्ती तिच्यातच होती.

मजेचा भाग असा की ते पात्र त्यांना हवे तेव्हा परत आणताही येत नव्हते. जुलै २०१६ मध्ये पक्षांच्या अधिवेशनांच्या काळात त्यांनी जुन्या मुखवट्याला पुन्हा रंगमंचावर आणले, तर दुसऱ्या कंपनीच्या वकिलांनी ते पात्र आमच्या मालकीचे असल्याचा निरोप पाठवला. कोल्बेअर यांनी हे प्रेक्षकांना सांगितले आणि लगोलग त्या पात्राचा हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा जुळा चुलतभाऊ सादर केला. नऊ वर्षे जगलेल्या सोंगावर स्वतःचाच हक्क नसणे हा प्रसंग त्यांच्या सर्व लिखित विनोदांपेक्षा मला अधिक बोलका वाटतो.

आकडेमोड

वरील प्रतिसाद वाचनीय आहे, पण यश कशाला म्हणायचे ते ठरवल्याशिवाय ही चर्चा पुढे सरकणार नाही. लेट नाइट कार्यक्रम ही शेवटी जाहिरातींवर चालणारी वस्तू आहे आणि त्या दृष्टीने तीन वेगवेगळी मापे लावावी लागतात.

पहिले माप एकूण प्रेक्षकसंख्येचे. त्यात २०१६-१७ च्या हंगामापासून कोल्बेअर आघाडीवर गेले आणि कार्यक्रम बंद करण्याची घोषणा झाली तेव्हाही आपल्या वेळेत तेच पहिल्या क्रमांकावर होते. दुसरे माप १८ ते ४९ या वयोगटाचे. जाहिरातदार पैसे मोजतात ते प्रामुख्याने या गटासाठी, आणि तिथे फॅलन यांनी पुढेही काही काळ आघाडी टिकवली. तिसरे माप जमाखर्चाचे. बातम्यांमध्ये आलेल्या आकड्यानुसार 'द लेट शो'ला वर्षाला सुमारे चार कोटी डॉलरचा तोटा होत होता. हा आकडा वाहिनीने स्वतः ताळेबंद मांडून दिलेला नाही, त्यामुळे तो कसा काढला यावर वाद घालता येईल. परंतु संपूर्ण लेट नाइट प्रकाराचे जाहिरातींचे उत्पन्न २०१८ ते २०२४ या काळात जवळपास निम्म्यावर आले, हे वास्तव कोल्बेअर यांच्यापुरते मर्यादित नाही. जेम्स कॉर्डन बाहेर पडल्यावर सीबीएसनेच त्यांचा 'द लेट लेट शो' २०२३ मध्ये थांबवला आणि कॉर्डन यांच्यावर कोणी उपहासकार असल्याचा आरोप केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. गाडीत बसून पाहुण्यांबरोबर गाणी म्हणणारा माणूस तो!

येथे उपहासाशी थेट संबंध असलेली एक आर्थिक बाब मांडतो. राजकीय घडामोडींवर आधारलेला मोनोलॉग, म्हणजे कार्यक्रमाच्या आरंभीचे सूत्रसंचालकाचे विनोदी भाषण, हा नाशवंत माल आहे. सोमवारचा विनोद पुढच्या सोमवारी शिळा होतो आणि वर्षभरानंतर तर तळटीप दिल्याशिवाय कळतही नाही. विनोदी मालिका पुन्हा पुन्हा दाखवता येते, परदेशी विकता येते, स्ट्रीमिंगच्या संग्रहात वर्षानुवर्षे ठेवता येते. आदल्या दिवशीच्या पत्रकार परिषदेवरील बारा मिनिटांचे ते कसे होणार? प्रेक्षक तो मोनोलॉग दुसऱ्या दिवशी सकाळी यूट्यूबवर पाहतात. आपण येथे चर्चा करणारे बहुतेकजणही तेच करतो. त्या पाहण्याचे मोल रात्रीच्या प्रक्षेपणातील जाहिरातींच्या तुलनेत फारच कमी असते. सुमारे दोनशे माणसांचा संच, ब्रॉडवेवरील नाट्यगृह आणि वाद्यवृंद यांचा खर्च मात्र तसाच राहतो.

तेव्हा धागाकर्त्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: प्रेक्षक मिळवण्यात उपहासकार यशस्वी झाला. ज्या व्यवसायात तो यशस्वी झाला तो व्यवसायच त्याच्या पायाखालून सरकत होता. या दोन गोष्टींची सरमिसळ केली की आपण निष्कारण विनोदाच्या प्रकृतीवर खापर फोडतो.

गिरगावचा पोपट

चर्चा अमेरिकेची आहे याची जाणीव ठेवून एक छोटी भर घालतो. भारतीय उपग्रह वाहिन्यांवर हा साचा सर्वप्रथम ठळकपणे आणला तो शेखर सुमन यांच्या 'मूव्हर्स अँड शेकर्स'ने. सोनी वाहिनीवर १९९७ मध्ये तो सुरू झाला; उभ्याने केलेला मोनोलॉग, राजकारण्यांच्या नकला, वाद्यवृंद आणि मग पाहुणे, अशी सारी रचना अमेरिकी पद्धतीचीच होती. त्यात नेत्यांची टिंगल भरपूर होती, पण ती बहुधा लकबींची असे. आवाज, थांबे, हातवारे यांवर हशा मिळे. धोरणावर बोलण्याची वेळ सहसा येत नसे. म्हणून तो कार्यक्रम सर्व घरांत चालला असावा. नक्कल आणि उपहास यांतला हा फरक कोल्बेअर यांच्या बाबतीतही तपासावा असे वाटते.

अरण्यक (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. 'आकडेमोड' यांनी केलेली फोड मान्य आहे, तरी एक शंका उरते. व्यवसाय सर्वांचाच बुडत असेल, तर मग घटनाक्रम इतका दाट का? कमला हॅरिस यांच्या मुलाखतीवरून ट्रम्प यांनी लावलेला दावा सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंट हिने जुलै २०२५ च्या आरंभी एक कोटी साठ लाख डॉलर देऊन मिटवला. १४ जुलैला कोल्बेअर यांनी कार्यक्रमात त्या तडजोडीला सरळ लाच म्हटले. १७ जुलैला कार्यक्रम बंद होणार असल्याचे जाहीर झाले आणि निर्णय निव्वळ आर्थिक असल्याचे वाहिनीने सांगितले. २४ जुलैला पॅरामाउंटच्या स्कायडान्स कंपनीबरोबरच्या विलीनीकरणाला सरकारी नियामकाची मंजुरी मिळाली. कार्यकारणभाव सिद्ध करणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. पण ज्या कंपनीला सरकारची सही हवी आहे, तिच्या छताखाली उपहासकाराने किती काळ तग धरावा हा प्रश्न मूळ विषयाचाच भाग आहे. 'गिरगावचा पोपट' यांचा नकलेचा मुद्दाही पुढे न्यावा असा आहे.

न्यूजर्सीकर

मी गेली अनेक वर्षे अमेरिकेत राहतो आणि लेटरमन यांच्या काळापासून हा कार्यक्रम पाहत आलो आहे. आतापर्यंतच्या प्रतिसादांत मोनोलॉगवर बरेच लिहिले गेले, पण कार्यक्रमाचा उरलेला मोठा भाग मुलाखतींचा असतो याकडे कोणी वळलेले नाही. उपहासकार सूत्रसंचालक म्हणून टिकतो की नाही, ते माझ्या मते खुर्चीवर बसल्यानंतरच ठरते.

जुन्या कार्यक्रमात पाहुणा येण्यापूर्वी कोल्बेअर त्याला पडद्यामागे भेटत आणि सांगत की माझे पात्र मूर्ख आहे, तुम्ही त्याचे अज्ञान दूर करा. म्हणजे मुलाखत हा एक खेळ होता आणि त्याचे नियम दोघांना ठाऊक असत. वैज्ञानिक, इतिहासकार, कवी अशा माणसांना त्या खेळात विलक्षण वाव मिळे, कारण मूर्खाला समजावताना त्यांना आपला विषय सोपा करावाच लागे. नव्या कार्यक्रमात हा खेळ उरला नाही. समोर चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी आलेला अभिनेता असतो. त्याला सात-आठ मिनिटांत हसवायचे, चित्रपटाचा तुकडा दाखवायचा आणि निरोप द्यायचा. पहिल्या काही महिन्यांत कोल्बेअर या प्रकारात अवघडलेले दिसत. कार्यक्रमाच्या निर्मितीची बारीकसारीक कामेही तेव्हा ते स्वतःच पाहत होते. एप्रिल २०१६ मध्ये क्रिस लिक्ट निर्मितीची धुरा सांभाळायला आले आणि कोल्बेअर यांच्यावरचा हा भार उतरला, त्याचा परिणाम पडद्यावर जाणवला. ट्रम्प यांच्या अध्यक्षपदाला सारे श्रेय देणाऱ्यांनी हा बदलही विचारात घ्यावा.

तरीही पहिल्याच आठवड्यात एक मुलाखत अशी झाली की तिच्यामुळे मी हा कार्यक्रम सोडला नाही. पाहुणे होते तेव्हाचे उपाध्यक्ष जो बायडन, आणि त्यांचे पुत्र बो यांचे काही महिन्यांपूर्वीच निधन झाले होते. कोल्बेअर स्वतः दहा वर्षांचे असताना, ११ सप्टेंबर १९७४ रोजी, त्यांचे वडील आणि दोन भाऊ विमान अपघातात गेले. अकरा भावंडांतले ते सर्वांत धाकटे. या दोन माणसांनी लाखो लोकांसमोर दुःखाविषयी जे बोलणे केले, त्यात एकही शेरा नव्हता आणि कोणी कोणाला अडवत नव्हते. मे २०१९ मध्ये कियानू रीव्हज यांना त्यांनी मृत्यूनंतर काय होते असे विचारले. आपल्यावर प्रेम करणाऱ्यांना आपली उणीव भासेल, असा त्या उत्तराचा आशय होता. ते ऐकून कोल्बेअर स्तब्ध राहिले. विनोदाची संधी समोर असताना ती सोडून देणे हे उपहासकाराच्या स्वभावात बसणारे नाही.

हे त्यांना का जमले? माझा तर्क असा की धाग्याच्या शीर्षकातील 'उपहासकार' ही ओळख कोल्बेअर यांना अपुरी पडते. त्यांची घडण शिकागोच्या 'सेकंड सिटी' या संस्थेत झाली. तिथे समोरच्या नटाने टाकलेला शब्द स्वीकारून दृश्य पुढे नेण्याचे, म्हणजे आयत्या वेळी रचलेल्या अभिनयाचे शिक्षण मिळते आणि त्याचा पाया ऐकण्यावर असतो. उपहास हे त्यांनी त्यावर चढवलेले कौशल्य आहे. याउलट उदाहरणेही आहेत. जॉन स्ट्युअर्ट यांचा रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम १९९३ ते १९९५ एवढाच चालला. ते पुढे बातम्यांची खिल्ली उडवणाऱ्या 'द डेली शो'मध्ये खुलले, कारण तिथे पाहुण्यापेक्षा बातमी मोठी होती. बिल मार यांचा 'पॉलिटिकली इनकरेक्ट' हा राजकीय गप्पांचा कार्यक्रम केबलवरून १९९७ मध्ये एबीसीवर आला आणि काही वर्षे नीट चाललाही. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर त्यांनी केलेल्या एका विधानावरून बड्या प्रायोजकांनी जाहिराती काढून घेतल्या, आणि २००२ मध्ये तो बंद पडला. पुढच्याच वर्षी ते एचबीओवर गेले आणि आजही तिथेच आहेत. तिथे जाहिरातदारच नसल्यामुळे पळून जायलाही कोणी नाही.

'गिरगावचा पोपट' यांच्या मुद्द्याविषयी: कोल्बेअर ट्रम्प यांची नक्कल करत, पण ती बरीच ओबडधोबड असे आणि तिच्यावर त्यांचा भर नव्हता. वाक्य उद्धृत करायचे, मग त्याचे तर्कशास्त्र प्रामाणिकपणे शेवटपर्यंत ओढत न्यायचे, ही त्यांची पद्धत 'रिपोर्ट'पासून कायम होती. 'शुक्रतारा' म्हणतात तशी वक्रता पूर्णपणे गेली, हे म्हणूनच मला पटत नाही.

शुक्रतारा

'न्यूजर्सीकर' यांनी बायडन यांच्या मुलाखतीचे स्मरण दिले हे उत्तम झाले. मुखवट्यामागून ती मुलाखत अशक्य होती, हे मी मान्य करतो. मात्र तिच्यामुळे माझा मुद्दा खोडला जातो असे मला वाटत नाही. सहृदय यजमान म्हणून ते श्रेष्ठ ठरले आणि उपहासकार म्हणून पूर्वीपेक्षा एकेरी झाले, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट टॉक शोचा एमी पुरस्कार 'द लेट शो'ला प्रथमच मिळाला. तो गुणवत्तेला मिळाला की बंद पडण्याच्या सहानुभूतीला, हे ज्याने त्याने ठरवावे. दहा वर्षांत आधी तो मिळाला नव्हता एवढे खरे.

आकडेमोड

एक अखेरची भर, कारण सगळी चर्चा एकाच माणसाभोवती फिरते आहे. प्रश्न उलट दिशेनेही विचारायला हवा. जिमी किमेल हे उपहासकार म्हणून आलेच नव्हते. एबीसीवर ते २००३ पासून चांगले खेळकर यजमान होते. २०१७ मध्ये नवजात मुलाच्या हृदयशस्त्रक्रियेनंतर त्यांनी आरोग्य विम्याच्या कायद्यावर डोळ्यांत पाणी आणून मोनोलॉग केला आणि तेव्हापासून त्यांचा कार्यक्रम उत्तरोत्तर राजकीय होत गेला. सेठ मायर्स यांनीही एनबीसीवरील आपल्या कार्यक्रमाचा कणा राजकीय विश्लेषणाचाच ठेवला. थोडक्यात, २०१५ मध्ये मुख्य प्रवाहात शिरण्यासाठी कोल्बेअर यांना बदलावे लागले, तर त्यानंतर मुख्य प्रवाहातील इतरांनी कोल्बेअर यांच्या दिशेने वाटचाल केली. फॅलन मात्र जवळपास जागच्या जागी राहिले. सप्टेंबर २०१६ मध्ये उमेदवार ट्रम्प यांचे केस विस्कटल्याबद्दल त्यांच्यावर जी टीका झाली, ती कार्सन यांच्या जमान्यात कोणाला सुचलीही नसती.

'अरण्यक' यांनी मालक कंपनीविषयी विचारले आहे, पण कंपनी आणि प्रेक्षक यांच्या मध्ये आणखी एक थर असतो. एबीसी किंवा सीबीएस यांचे कार्यक्रम गावोगावी पोहोचतात ते संलग्न स्थानिक केंद्रांमार्फत आणि यातील बरीच केंद्रे मोठ्या समूहांच्या मालकीची आहेत. २०१० मध्ये कोनन ओब्रायन यांना सात महिन्यांत 'द टुनाइट शो' सोडावा लागला, त्यामागे या केंद्रांची ओरड होती. ओब्रायन यांच्या आधीचे सूत्रसंचालक जे लेनो यांच्या रात्री दहाच्या कार्यक्रमामुळे केंद्रांच्या अकराच्या बातम्यांचे प्रेक्षक घटत होते, म्हणून लेनो यांना पुन्हा साडेअकराच्या आसपास आणण्याचा घाट घातला गेला आणि ओब्रायन यांनी मागे सरकायला नकार दिला. त्या भांडणात राजकारणाचा लवलेश नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये किमेल यांचा कार्यक्रम सहा दिवस स्थगित झाला, तेव्हा नेक्सस्टार आणि सिंक्लेअर या केंद्रसमूहांनी तो दाखवण्यास नकार दिला होता, आणि एबीसीने तो परत सुरू केल्यावरही काही दिवस या समूहांची केंद्रे दुसरेच कार्यक्रम दाखवत राहिली. केबलवरील कोल्बेअर यांच्यापुढे ही अडचण कधीच नव्हती, कारण कॉमेडी सेंट्रलला गावोगावची परवानगी लागत नसे. मुख्य प्रवाहात आलेल्या उपहासकाराला प्रेक्षक, जाहिरातदार आणि मालक यांच्याबरोबर या चौथ्या घटकालाही राजी ठेवावे लागते, आणि त्या केंद्रचालकाला विनोद आवडला की नाही यापेक्षा उद्या सकाळी आपल्या शहरातून किती तक्रारींचे फोन येतील याची चिंता अधिक असते.